न्हाणीतला दगड

माझ्या छातीतली गाठ कर्करोगाची होती की साधी, हे मला आजही माहीत नाही. जिचं सगळं कामच अशा गाठी चिरून त्यात काय आहे ते सांगण्याचं, तिच्यावरच हे लिहायची पाळी यावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. ते का माहीत नाही, एवढं सांगायला लिहायला बसले आहे. कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच, नाही तर निदान माझी मळमळ तरी कमी होईल.

आमचं घर देवळाली प्रवऱ्याला, उसाच्या पट्ट्यात. मी मुंबईला एका संशोधन संस्थेत असते. गावात माझ्या कामाला 'उंदरांची नोकरी' म्हणतात. सुट्टीला आले की पारावरचं कुणीतरी हटकून विचारतं, "काय कुसुमताई, उंदरं बरी हाईत ना?" मीही सांगते, बरी आहेत, तुमची आठवण काढतात. एवढी शिकून पोरगी उंदरं राखते, लग्न नाही की कार्य नाही, हे गावानं आता पचवलं आहे.

उंदरांचं थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. आमच्याकडे त्यांची दोन घराणी आहेत. एका घराण्यातल्या माद्यांना वय झालं की बहुधा स्तनाची गाठ होतेच, दुसऱ्यात ती क्वचित दिसते. हे रक्तातून येतं, की आईच्या दुधातून, की दोन्हींतून, हा आमचा प्रश्न. म्हणून आम्ही नुकती जन्मलेली पिल्लं बदलतो. हिची तिला पाजायला द्यायची, तिची हिला, आणि मग वाट पाहत बसायचं. गाठ झाली की ती काढायची, तिच्या पेशींतली गुणसूत्रं काचेवर पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायची. आईबापांचं देणं पोरांत उतरतं ते या बारीक काड्यांतून. गाठीच्या पेशीत त्या काड्यांची पार वाताहत झालेली असते. ती वाताहत ओळखण्यात माझा हात कुणी धरत नाही, हे मला माहीत होतं आणि त्याची थोडी घमेंडही होती.

एकदा आईनं मला विचारलं होतं, "तू करती तरी काय गं तिथं दिवसभर?" आम्ही दोघी ओट्यावर लसूण सोलत होतो. मी तिला पिल्लांच्या अदलाबदलीचं सांगितलं. आई शाळेत गेली नाही, पण गोष्ट चटकन समजते तिला.

"म्हंजी आईच्या दुधातनं बी लागतं व्हय?"

"उंदरांचं सांगतेय मी, आई."

"व्हय. कळलं की." आणि ती लसूण सोलत राहिली. मी ते तिथंच विसरून गेले.

*

दुष्काळाचं साल होतं. पाटाला पाणी नाही, ऊस उभ्याउभ्या वाळलेला, विहिरींनी तळ दाखवलेला. रेशनवरची परदेशी तांबडी मिलो ज्वारी खाऊन लोकांची पोटं बिघडली होती. मी उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आले होते. पाण्याची एवढी बोंब असताना आईनं माझ्यासाठी रोज एक बादली राखून ठेवलेली असायची.

आमची न्हाणी परसात आहे. तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड, मध्ये बसायला एक मोठा काळा दगड. दगडाभोवतालचं पाणी खालच्या खड्ड्यात मुरतं आणि उरलेलं शेजारच्या केळीला जातं. त्या दगडावर बसून साबण लावताना डाव्या बाजूला माझ्या बोटांना ती गाठ लागली. सुपारीएवढी, टणक, हलवली तर न हलणारी. उंदराच्या अंगावर अशी गाठ लागली की मी पुढच्या आठवड्यात तो उंदीर चिरायला घेते. बोटांनी लगेच ओळखलं. मी मात्र अंग पुसलं, लुगडं नेसले आणि आत जाऊन चहा प्यायले.

आता कुणीही म्हणेल, मुंबईला सगळं हाताशी असताना दाखवायला नगरला का गेलीस? कारण सरळ आहे. आमच्या संस्थेला लागूनच रुग्णालय आहे. तिथं काचा तपासणारी माणसं माझ्याबरोबर डबा खातात. माझी गाठ त्यांच्या नजरेखालून जावी आणि दुपारी त्यांनी मला "भाजी कसली आणलीत?" म्हणून विचारावं, हे मला नको होतं. लाज म्हणा, ताठा म्हणा. नगरला एक जुने, हातगुणाचे सर्जन होते. धाकटा भाऊ वसंता साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर असतो. त्यानं रजा टाकली आणि मला एसटीनं त्यांच्याकडे नेलं.

सर्जननी तपासलं, हात धुतले आणि म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला सगळं माहीतच आहे."

मी म्हटलं, "मला उंदरांचं माहीत आहे. माझं तुम्ही सांगा."

तरी ते माझ्याशी बोलले नाहीत. मला बाहेर बसवलं आणि वसंताला आत बोलावलं. आपल्याकडे आजार एकाला होतो आणि सांगतात दुसऱ्याला. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा भिंतीसारखा कोरा झाला होता. "साधी हाय म्हनले," एवढं बोलून तो माझी पिशवी उचलून चालायला लागला. मी त्याच्यामागून न जाता पुन्हा आत गेले आणि सर्जनना विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं: उघडून पाहतो, वाईट दिसली तर सगळंच काढतो, आणि काढलेलं पुण्याला तपासायला पाठवतो. तिथून काय येतं त्यावर पुढचे उपचार. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. इतकी वर्षं मी दुसऱ्या बाजूला उभी होते.

*

दवाखान्यात भरती होताना रुग्णाबरोबर काय काय आणायचं ते सिस्टरनी सांगितलं. ताट, वाटी, तांब्या, पांघरूण, आणि रुंद तोंडाची काचेची बरणी. काढलेला भाग ठेवायला बरणी नातेवाइकांनी आणायची आणि नातेवाइकांनीच ती पुण्याला पोचवायची, अशी तिथली रीत होती. आईनं घरची लोणच्याची बरणी रिकामी केली. झाकणाला चीर गेलेली, त्यावर तांबडा दोरा गुंडाळलेला. उकळत्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून ती घेऊन आली.

"वास न्हाई ऱ्हायला बग तेलाचा," असं म्हणत तिनं ती माझ्या नाकाशी धरली.

मी हुंगून म्हटलं, "नाही राहिला." दुसरं काय म्हणणार?

शुद्धीवर आले तेव्हा मी आधी उजवा हात डावीकडे नेला. पट्टी होती आणि पट्टीखाली सपाट होतं. म्हणजे वाईट दिसली असणार. मी रडले. आवाज होऊ नये म्हणून पांघरुणाचं टोक तोंडात धरलं होतं, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईला कळलंच.

ती कर्जतकडची होती, राधाबाई. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडताना दगड पायावर पडून तिचं हाड मोडलं होतं. ती म्हणाली, "रडा बाई. माजा पाय मोडला तवा मी मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुमी शिकलेल्या, तुमाला शिव्या यायच्या न्हाईत. तवा रडा."

मला डावा हात वर नेता येत नव्हता. वेणी घालणं तर दूरच. रोज सकाळी राधाबाई तिच्या खाटेवर बसायची आणि मी खाली तिच्या धडक्या पायाला टेकून बसायचे. ती माझे केस विंचरायची आणि गावाकडच्या भानगडी सांगायची. सकाळी सहाला थर्मामीटर, मग चहा, मग ड्रेसिंगची ढकलगाडी. तिची चाकं करकरायची आणि ती करकर जवळ आली की माझ्या अंगाला घाम सुटायचा. त्या सगळ्यात दिवसातला तेवढाच वेळ मला माणसासारखं वाटायचं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वसंता टॉवेलात गुंडाळलेली बरणी घेऊन खाटेपाशी आला. टॉवेलातून फॉर्मॅलीनचा उग्र वास येत होता. ज्या औषधात आम्ही काढलेल्या गाठी नासू नयेत म्हणून ठेवतो, त्याचा तो वास. माझ्या प्रयोगशाळेचा वास. खोटं कशाला सांगू, त्या वासानं मला धीर आला. आता हे आमच्या लोकांच्या हातात जाणार होतं. कुणीतरी माझ्यासारखंच काचेवर डोळा लावून बसेल आणि खरं काय ते सांगेल.

"उन्हात ठेवू नकोस. खाली ठेवू नकोस, मांडीवर धर. औषध सांडू देऊ नकोस," मी वसंताला बजावलं.

"व्हय ताई."

"आणि चिठ्ठी हरवू नकोस."

"न्हाई गं." तो दारापर्यंत गेला, परत आला, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि गेला.

*

घरी आणल्यावर आईनं माझं बाळंतपण केलं म्हणायला हरकत नाही. खारीक, डिंक, तुपातला शिरा. दुष्काळात हे सगळं कुठून पैदा केलं ते तिचं तिला माहीत. टाके निघाल्यावर रोज मला परसात त्या दगडावर बसवायची आणि स्वतःच्या हातानं अंघोळ घालायची. जखमेच्या बाजूला तळहात आडवा धरायची, म्हणजे पाण्याची धार थेट पडू नये. मला तिथं बसलं की पुन्हा पुन्हा फॉर्मॅलीनचा वास आल्यासारखं वाटायचं. मी मनाशी म्हणायचे, इतक्या वर्षांचा वास, नाकातच बसलाय. न्हाणीशेजारची केळ वाळून करपली होती. तीही मी दुष्काळाच्या नावावर मांडली.

रिपोर्ट काही येत नव्हता.

"आला का रे?"

"न्हाई अजून. टपाल लेट हाय." हे बोलताना वसंता माझ्याकडे बघायचा नाही. मी चुलीजवळ गेले की त्याची आणि आईची कुजबुज थांबायची. आईनं देवीला काहीतरी बोललं होतं, ते शेजारणीकडून माझ्या कानावर आलं.

मला समजायचं ते समजलं. एवढी तर मी हुशार आहे. रिपोर्ट आलाय, वाईट आलाय, आणि हे दोघं तो माझ्यापासून लपवताहेत. सगळीकडे असंच करतात. पेशंटला धक्का बसू नये म्हणून कर्करोगाला 'साधी गाठ' म्हणायचं आणि त्याच्या पाठीमागे पदर डोळ्याला लावायचा. मी दोघांच्या मनाची अवस्था ओळखून विचारणं सोडून दिलं. उलट मीच त्यांना हसवायला लागले. रात्रीचं सोडा, दिवसाढवळ्या अंगणातल्या बाजेवर पडून मी स्वतःचा हिशेब लावायचे: काखेत गाठी आहेत का, दम लागतो का, पाठ दुखते ती पडून राहिल्यामुळे की हाडात उतरलंय म्हणून. उंदीर किती दिवस जगतात ते मला पाठ होतं. माणसाचं माहीत नव्हतं.

एक दिवस मी वसंताला जवळ बसवून सांगितलं, "माझं काही झालं तर मुंबईला कळवशील. माझी पिल्लं आता वयात येतील. त्यांच्यावर नजर ठेवायला सांग. नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल."

तो उठून गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

*

एका सकाळी अंघोळीला जाताना मला कुडाच्या मेखेवर पालथी घातलेली बरणी दिसली. झाकण शेजारी वाळत होतं. झाकणाला चीर, चिरेवर तांबडा दोरा.

तपासायला गेलेली बरणी घरी परत येत नाही. हे कुणाला नाही तरी मला माहीत आहे. आमच्या संस्थेत अशा बरण्यांनी कपाटं भरली आहेत. लोक त्या मागायला येत नाहीत.

आई ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी विचारलं, "ती बरणी इथं कशी?"

"कंची?"

"लोणच्याची."

"मग कुठं असनार?"

"पुण्याला."

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा. "न्हाई गेली ती पुन्याला," ती म्हणाली.

मी खाली बसले. मग तिनं सगळं सांगितलं. त्या दिवशी वसंताची पुण्याची गाडी चुकली होती. तो बरणी घेऊन रात्रीपुरता घरी आला, सकाळी निघायचं म्हणून. आईनं टॉवेल सोडून पाहिलं. त्यानंतर तिनं त्याला जाऊ दिलं नाही. माझ्या गळ्याची शपथ घातली.

"माझ्या लेकीच्या अंगाचा तुकडा हाय तो," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "कोन कुठला बाप्या तो चिरनार, बघनार, आन बघून झालं की उकिरड्यावर टाकनार. कुत्री खानार. सांग, न्हाई टाकत?"

काप काढून झाले की उरलेलं आम्ही ठेवतो, कपाट भरलं की जाळतो. उकिरड्यावर टाकत नाही, पण तिला म्हणायचं होतं त्याहून ते फार वेगळंही नाही.

"कुठंय ते आता?"

"जिथं तुझी वार पुरली तिथं. हळदकुंकू वाहिलं, मीठ घातलं. खणात गुंडाळलं. ते उग्र औषध केळीत वतलं." तिनं हनुवटीनं न्हाणीकडे दाखवलं.

आमच्याकडे बाळंतिणीची वार न्हाणीत पुरतात. तिच्यावरून बाळंतिणीचं आणि बाळाचं पाणी जावं, म्हणजे दोघांच्या अंगाला ओल राहते, असं म्हणतात. मी त्या घरात जन्मले, माझी वार त्या दगडाखाली आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि इतके दिवस मी रोज सकाळी त्याच दगडावर बसून, माझा रिपोर्ट कधी येईल याचा विचार करत अंगावर पाणी घेत होते.

"आई, त्याच्यावरून कळणार होतं मला काय झालंय ते," मी म्हटलं. "पुढचं औषध त्याच्यावर होतं. मी मरणार की जगणार ते होतं त्या बरणीत."

"ते बरनीत नसतं."

"असतं. मी तेच तर काम करते."

"व्हय, ठाव हाय." आता पहिल्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं. "तूच म्हनली हुतीस. उंदराला आईच्या दुधातनं लागतं."

"अगं, ते उंदरांचं!"

"दूध ते दूध. लिहून काय आलं असतं पुन्याहून? आईनं दिलं म्हनूनच ना? तू वाचलं असतंस ते. आन मग मी कुठं तोंड दाखवायचं?"

असं रिपोर्टात लिहीत नाहीत, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. ती मान हलवत होती आणि तिला पटत नव्हतं. मी विचारलं, तुझी आई कशानं गेली? "छातीत कळ यायची तिला," आई म्हणाली. कसली कळ, कुठल्या बाजूला, गाठ होती का, काही सांगता येईना तिला. ती तेव्हा लहान होती आणि बायकांच्या छातीकडे बघून विचारायची त्या काळी पद्धत नव्हती. जगभरच्या उंदरांच्या सात पिढ्या मला तोंडपाठ, आणि माझ्या आजीचं हे एवढंच.

*

मी वसंताला पहार आणायला सांगितलं. आई ओट्यावरच बसून राहिली.

मला माहीत होतं की त्यात आता काही राहिलं नसणार. औषधातून काढलेलं, मिठात घातलेलं, वर रोजचं कढत पाणी. तरी आशा वेडी असते. औषधात काही वेळ राहिलं होतं, तेवढ्यानं एखादा कोपरा टिकला असेल, एखादा काप निघेल, मी स्वतः मुंबईला घेऊन जाईन, लाज गेली खड्ड्यात. वसंतानं दगड कलता केला. खाली काळी, चिकट माती होती. त्यानं हातानं उकरलं. खणाचा जांभळा काठ दिसला तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "ताई, फुडचं तू कर."

मी उजव्या हातानं खण उलगडला. आत चिखल होता. हळदीचा पिवळेपणा अजून कुठं कुठं होता, आणि मुंग्या होत्या. मी तो चिखल बोटांत घेऊन चोळला, जणू मला काही लागणार होतं. काही लागलं नाही. माती होती. माझ्या अंगाचा भाग कुठला आणि परसाची माती कुठली, ते मला, कुसुमला, काड्या मोजणाऱ्या बाईला, सांगता आलं नाही. माझा एवढा राग, एवढी विद्या, आणि करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

आई केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. "झाक आता," ती म्हणाली. वसंतानं दगड परत बसवला. तिनं तांब्यातून माझ्या हातावर पाणी घातलं आणि बोटांच्या सांदीतली माती स्वतः चोळून काढली.

*

सर्जनना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले नाहीत. त्यांनी असं याआधीही पाहिलं असावं. म्हणाले, "आता माझ्याकडे फक्त माझे डोळे आणि माझी बोटं आहेत. मला ती वाईट वाटली. पण डोळे फसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको."

कर्करोगावर देतात ते विजेचे किरण घ्यायचे की नाही, हा प्रश्न होता. नसलेल्या रिपोर्टावर उपचार. किरणांनी पेशीतल्या त्याच काड्या कशा तुटतात ते मी पाहिलेलं आहे, वाईट पेशीच्याही आणि चांगल्या पेशीच्याही. घेतले तर कदाचित उगीच घेतले, न घेतले तर कदाचित जीवावर बेतलं. शेवटी घेतले. पुण्याला जाऊन राहिले, कातडी भाजून काळी पडली, अन्नाचा वास नकोसा झाला, आणि एक दिवस ते संपले. वसंता प्रत्येक वेळी बरोबर असायचा. एसटीत माझी पिशवी मांडीवर धरायचा, खाली ठेवायचा नाही. मी त्याला कधी काही बोलले नाही आणि त्यानं कधी विषय काढला नाही.

मग मुंबईला परत गेले. उंदरांची पिल्लं वयात आली होती. सहकाऱ्यांनी विचारलं, काय निघालं? मी सांगितलं, काढून टाकलं. त्यांना वाटलं मला बोलायचं नाही, म्हणून ते गप्प बसले. काचेवर डोळा लावला की मला अजून सगळं दिसतं. कुठली काडी तुटली, कुठली जास्तीची. प्रत्येक उंदराचं मी ठामपणे सांगते.

*

या दिवाळीला घरी गेले होते. पाऊसपाणी बरं झालं होतं, ऊस पुन्हा उभा राहिला होता, न्हाणीशेजारी आईनं नवी केळ लावली होती. पहाटे उजाडायच्या सुमाराला आईनं मला दगडावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं. डाव्या बाजूला तिची बोटं अजूनही हळू होतात.

माझं झाल्यावर मी म्हटलं, "तू बस. तुला मी लावते." तिचा खांदा हल्ली दुखतो, हात मागे जात नाही. ती नको नको म्हणत बसली. मी पाठीला तेल लावलं, खांद्याला लावलं, डाव्या काखेखालून हात पुढे नेला, आणि माझी बोटं थांबली.

टणक होती. माझ्यापेक्षा मोठी. बोटांनी लगेच ओळखलं आणि काही ओळखलंही नाही, कारण आता माझा माझ्या बोटांवर विश्वास राहिलेला नाही.

"ही कधीपासून आहे?"

"हाय की लई दिसांची."

"किती दिवसांची, आई?"

ती अंग आखडून बसली होती. ओल्या केसांचं पाणी तिच्या पाठीवरून ओघळत होतं. "तुझ्या गाठीच्या आधीपासनं," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर येऊन उकिडवी बसले. तेव्हा मला तो लसूण सोलायचा दिवस आठवला. तेव्हाही ही गाठ तिच्या अंगावर असणार. आणि ती बरणी तिनं का जाऊ दिली नाही, ते आत्ता कुठं मला पुरतं समजलं.

"उद्या आपण नगरला जाऊ," मी म्हटलं. "बरणी मी नेईन. मी स्वतः नेईन, माझ्या मांडीवर. बघून झालं की उरलेलं परत आणीन, इथंच ठेवू. शपथ घेऊन सांगते."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहान असताना काहीतरी अशक्य मागायचे तेव्हा बघायची. "माझी हाय तशी हाय," ती म्हणाली. "इतकी वर्सं ऱ्हायली, काय केलं तिनं मला? तुझी बी तशीच आसंल, कुसे. माझी बघाया गेलीस आन वाईट निगाली, तर तुझी बी वाईट हुती असं हुईल. मला न्हाई ते कळाया पायजे."

सूक्ष्मदर्शकासमोर बसून मी याचं उत्तर देऊ शकले असते. एकीच्या गाठीवरून दुसरीची सांगता येत नाही, माणसं म्हणजे उंदीर नव्हेत, उशीर झाला तर. सगळी वाक्यं तयार होती. मी नुसता तिचा हात धरून बसले.

"सोड," ती म्हणाली. "पानी निवतंय."

मी तांब्या भरला. डाव्या बाजूला तळहात आडवा धरला आणि तिच्या अंगावर पाणी घातलं. ते तिच्या छातीवरून मांडीवर आलं, मांडीवरून दगडावर, आणि दगडाच्या कडेनं खाली मुरत गेलं.